ग्रंथालयातले उपक्रम: एका दिवसाच्या समारंभाऐवजी वर्षभराचं काम कसं उभं करायचं

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा कार्यक्रम कसा होतो, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाचन प्रेरणा दिन तोंडावर आला की एक व्याख्याता गाठायचा, कुणाचं तरी लेक्चर रद्द करून एक वर्ग सभागृहात आणून बसवायचा, प्रतिमापूजन, शाल, श्रीफळ, चार जिओटॅग फोटो आणि आभार. मुलं सभागृहातून थेट कँटीनला जातात. ग्रंथालयाची पायरी त्या दिवशीही कुणी चढत नाही, पण अहवालात कार्यक्रम 'उत्साहात संपन्न' झालेला असतो.

ज्या ग्रंथपालांना याचा कंटाळा आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उपक्रमात विद्यार्थ्याच्या हाताला ग्रंथालयातलंच एखादं खरं काम मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल, तर तो कार्यक्रम सांस्कृतिक विभागाने घेतलेला बरा. त्यांच्याकडे माईकही चांगला असतो.

जूनमध्ये आधी याद्या काढा

उपक्रम ठरवण्याआधी आपल्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, ते बघायला हवं. गेट रजिस्टरवर विसंबू नका. तिथे सकाळी सातपासून अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुलं दिसतात, आणि त्यांच्यामुळे ग्रंथालय भरल्यासारखं वाटतं. ती मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यांना आपल्याकडून खुर्ची, पंखा आणि चार्जिंगचा पॉइंट हवा असतो. त्यात गैर काही नाही, पण तो आपला वाचक आहे असं समजून नियोजन केलं तर फसगत होते.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर अहवाल विभागात दोन याद्या तयार मिळतात: एकदाही पुस्तक न नेलेले सभासद, आणि एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं. सोल किंवा दुसरं सॉफ्टवेअर असेल तर देवघेवीचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून वर्गाप्रमाणे लावा. पहिली यादी प्रथम वर्षाच्या वर्गशिक्षकांसोबत बसून वाचा. न येणाऱ्या मुलांची कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. कुणाचं ओळखपत्रच आलेलं नसतं. कुणाला वाटतं की पुस्तक हरवलं तर घरच्यांना मोठा दंड भरावा लागेल. आणि तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यात मोठं कारण म्हणजे एसटी. तास संपल्यावर लगेचची गाडी पकडली नाही तर पुढची संध्याकाळची. अशा महाविद्यालयात दुपारी चारला ठेवलेल्या उपक्रमाला मुली येणार नाहीत, मग तो कितीही चांगला असो. आगाराचं वेळापत्रक ग्रंथालयाच्या भिंतीवर लावा आणि उपक्रमाची वेळ त्यावरून ठरवा.

दुसरी यादी जपून ठेवा, ती पुढे वाचन गटाला लागेल. ८९१.४६ या वर्गांकाच्या रॅकवर, म्हणजे आपल्या मराठी साहित्यातच, खरेदीपासून कुणी न उघडलेली पुस्तकं निघतात.

कागदपत्रं आणि श्रेयांक

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली की पुढचं सगळं अडतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी सहशालेय अभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) दिले आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक हे विभाग त्यात लगेच शिरले. ग्रंथालयं बरीचशी बाहेर राहिली, कारण प्रस्ताव कुणी दिलाच नाही. साधारण हिशेब असा की प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून त्यातले शब्द वापरूनच प्रस्ताव लिहा. तासांचा तक्ता, मूल्यमापन कसं करणार आणि हजेरी कोण ठेवणार, एवढं असलं की अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला नाही म्हणायला जागा उरत नाही.

श्रेयांकाचं जमलं नाही तरी वाट बंद होत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून त्यातले काही तास ग्रंथालयाच्या कामासाठी मागून घ्या. वृक्षारोपण आणि स्वच्छतेपलीकडचं काम त्यांनाही हवंच असतं. शिवाय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचा क्लब महाविद्यालयात नोंदवता येतो. आयआयटी खरगपूर हे ग्रंथालय चालवतं, आणि क्लबमार्फत घेतलेल्या कार्यक्रमांची ई-प्रमाणपत्रं मुलांना देता येतात. प्रमाणपत्राला नाकं मुरडू नका. प्रथम वर्षाच्या मुलाला ते हवं असतं, आणि त्या निमित्ताने तो एकदा तरी आत येतो.

ग्रंथालय समितीच्या पहिल्याच बैठकीत वर्षाचे उपक्रम ठरावात घ्या. ठराव असला की मार्चमध्ये बिलं अडत नाहीत.

टीम: कमवा व शिका योजनेतली मुलं पुढे आणा

'कमवा व शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून महाराष्ट्रात रुजलेली योजना. या योजनेतली मुलं बहुतेक ग्रंथालयांत असतातच. आपण त्यांच्याकडून पुस्तकं पुसून घेतो, लेबलं चिकटवून घेतो, रॅक लावून घेतो. वर्षभरात हीच मुलं संग्रह आपल्यापेक्षा बारकाईने ओळखू लागतात. कुठलं पुस्तक कुठे चुकून लागलंय, कुठल्या पुस्तकाची पानं गेली आहेत, कुठल्या सरांनी पाच पुस्तकं दोन वर्षं दाबून ठेवली आहेत, सगळं त्यांना माहीत असतं. टीमचा कणा हीच मुलं असू द्या.

त्यांच्यासोबत दोन-तीन बोलकी मुलं, एखादी फोटो-व्हिडिओ करणारी मुलगी आणि देवघेव काउंटरवरचे मामा. मामांना वगळलंत तर उपक्रम बंद पडतो, कारण किल्ल्या त्यांच्याकडे असतात आणि कुठला पंखा आवाज करतो, कुठला प्लग चालत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

कामं वाटताना 'अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव' अशी पदं निर्माण करू नका. त्यातून फक्त फलकावर नावं लागतात. त्याऐवजी कामाला माणूस नेमा: वाचन गटाच्या प्रती जमवणं, विकिपीडियाच्या सत्राआधी मुलांनी खाती उघडली का ते बघणं, हजेरी आणि अहवाल. ज्याचं काम त्याची सही.

आणि वर्षात दोन, फार तर तीन उपक्रम घ्या. बारा महिन्यांत बारा घेणारी ग्रंथालयं मी पाहिली आहेत. त्यांची फाइल जाड असते, बाकी काही नाही.

आता उपक्रमांकडे येऊ. मी चार सांगतो. आपल्या इमारतीला आणि मुलांना झेपतील ते घ्या.

विकिपीडिया आणि विकिस्रोत

मला विचाराल तर ग्रंथालयासाठी याहून चोख उपक्रम नाही, कारण यात मुलाला संदर्भ ग्रंथाच्या रॅकपाशी गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. दरवर्षी १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात त्यावर लेखनाच्या कार्यशाळा होतात. त्या बऱ्याचदा फसतात, आणि कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण तांत्रिक. एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. संगणक कक्षात चाळीस मुलं बसवली की सातव्या मुलापासून नकार यायला लागतो आणि पाहुण्यांची धावपळ सुरू होते. उपाय सोपा आहे: आदल्या दिवशी मुलांनी घरून, आपापल्या मोबाइल डेटावर खातं उघडून यायचं. टीममधल्या एकाने व्हॉट्सअॅपवर यादी करून प्रत्येकाचं सदस्यनाव लिहून घ्यायचं. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला सत्राला बसवायचं नाही. थोडं कडक वाटेल, पण त्यामुळे पहिला तास वाचतो.

दुसरं कारण विषयाची निवड. 'आवडत्या व्यक्तीवर लिहा' म्हटलं की सगळे क्रिकेटपटू आणि अभिनेते निवडतात. त्यांचे लेख आधीच असतात. विषय आपणच द्या, आणि तेही जिल्ह्यातले: गावं, नद्या, किल्ले, बाजारपेठा, यात्रा, स्थानिक पिकं. विषय जाहीर करण्याआधी रॅकवर त्याचं पुस्तक आहे याची खात्री करा. जिल्ह्याचं गॅझेटिअर, विश्वकोशाचे खंड, स्थानिक इतिहास मंडळाची प्रकाशनं, महाविद्यालयाची जुनी नियतकालिकं बाहेर काढून टेबलावर मांडा. नियम एकच: प्रत्येकाने एक परिच्छेद लिहायचा, आणि त्यातल्या प्रत्येक विधानाला पुस्तकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक द्यायचा.

लिखाण आधी धूळपाटीवर करायला सांगा. ती सरावाची जागा आहे. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवला तर तो काढून टाकला जातो, हे सुरुवातीलाच बजावा. टंकलेखनात वेळ जाणार हे गृहीत धरा. बहुतेक मुलं मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर सरावलेली असतात, त्यांना मोबाइलवरच लिहू द्या. संगणकाचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवण्याचा हट्ट त्या दिवशी नको. फोटो टाकायचा तर स्वतः काढलेलाच.

ज्यांना परिच्छेद लिहायला अवघड जातं, त्यांच्यासाठी विकिस्रोत आहे. तिथे प्रताधिकारमुक्त पुस्तकांचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला दिसतो. चुका दुरुस्त करायच्या आणि पान जतन करायचं. एकाने तपासलं की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवी. एका पानाला दोन माणसं लागत असल्याने जोड्या छान जुळतात. आपल्याकडे प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, आणि ही साठ वर्षं पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त झालं. आपल्या ग्रंथालयात एखादं जुनं, दुर्मीळ, स्थानिक लेखकाचं पुस्तक असेल तर हा हिशेब करून बघा. ते स्कॅन करून चढवणं हा पुढच्या सत्राचा उपक्रम होऊ शकतो.

वाचन गट

वाचन गटात 'घरून पुस्तक वाचून या' म्हटलं की पहिल्या आठवड्यात वीस, तिसऱ्या आठवड्यात चार मुलं उरतात. म्हणून घरी वाचायला काही द्यायचंच नाही. पंचेचाळीस मिनिटांत तिथेच वाचून संपेल असा मजकूर घ्यायचा: एक कथा, एक लेख, एक मुलाखत. आळीपाळीने मोठ्याने वाचायचं. अडखळणाऱ्याला कुणी सुधारायचं नाही. मग पंधरा मिनिटं गप्पा.

मजकूर कुठून आणायचा? नियतकालिक विभागात जा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे, आणि आपल्याकडे निदान गेल्या वीस-पंचवीस वर्षांचे अंक धूळ खात पडलेले असतात. बाइंडिंगला न गेलेला एकेक अंक मुलांच्या हातात द्या आणि पुढच्या आठवड्याचा मजकूर त्यांनाच निवडू द्या. निवड बऱ्याचदा आपल्या अंदाजाबाहेरची निघते. गंभीर कथांपेक्षा जुन्या जाहिराती आणि राशिभविष्य यांवरच अर्धा तास चर्चा होते. होऊ द्या. दोन-तीन आठवड्यांनी गाडी मजकुरावर येते.

अंक संपले की ती जूनमधली न उघडलेल्या पुस्तकांची यादी काढा. प्रत्येकाने त्यातलं एक पुस्तक उचलायचं, पहिली दहा पानं वाचायची आणि गटाला सांगायचं की हे पुस्तक रॅकवर ठेवावं की रद्दीत काढावं, आणि का. मुलं या प्रश्नावर फार गंभीर होतात. रद्द करण्याचा अधिकार अर्थातच ग्रंथालय समितीचा. पण त्यांची टिपणं समितीपुढे ठेवा, आणि ठेवली हे मुलांना कळू द्या.

गटात पाहुणा लेखक बोलवायचा मोह आवरा. लेखक आला की मुलं गप्प बसतात आणि प्राध्यापक बोलतात.

जिवंत पुस्तकं

पुस्तकाऐवजी माणूस 'वाचायला' मिळणं, ही कल्पना २००० साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या काही तरुणांनी सुरू केली. आपल्याकडे ती सहज जमते, फक्त माणसं निवडताना नेहमीचे सत्कारमूर्ती टाळा. आशा सेविका, एसटीची वाहक, द्राक्षबागायतदार, ऊसतोड कुटुंबातून येऊन नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी, तमाशात ढोलकी वाजवलेले आजोबा, वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशी. प्रत्येकासमोर चार-पाचच वाचक, वीस मिनिटं, मग घंटा आणि अदलाबदल.

मुलांनी काय करायचं? तेच या उपक्रमाचं काम आहे. आठ दिवस आधी दोघांनी जाऊन त्या माणसाशी बोलायचं, त्यांच्या संमतीने पाच ओळींचं 'मलपृष्ठ' लिहायचं, शीर्षक ठरवायचं आणि तालिकापत्र, म्हणजे ग्रंथसूचीतलं कार्ड, तयार करायचं. वर्गांकसुद्धा द्यायचा. आशा सेविका वैद्यकशास्त्राच्या ६१० मध्ये, की समाजसेवेच्या ३६१ मध्ये? या वादात दशांश वर्गीकरण जितकं कळतं, तितकं ग्रंथालय परिचयाच्या तासाला कधी कळत नाही.

दोन नियम फलकावर लावा: पुस्तक कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणू शकतं, आणि रेकॉर्डिंग करायचं नाही. आलेल्यांना त्यांचा दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात ठेवून मानधन द्या. शालीचे पैसे तिकडे वळवा.

अंध विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रण

आपल्या महाविद्यालयात अंध विद्यार्थी असतील तर हा उपक्रम बाकी सगळ्यांच्या आधी घ्या. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय उपलब्ध आहे. हवं ते पुस्तक तिथे आहे का ते आधी बघा. मराठी पाठ्यपुस्तकं आणि संदर्भ पुस्तकं पुष्कळदा मिळत नाहीत, तिथे आपलं काम सुरू होतं. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अपंग व्यक्तींसाठी अशी प्रत तयार करता येते. मात्र ती त्यांच्यापुरतीच. वर्गाच्या ग्रुपवर फिरवली तर तो कायद्याचा भंग आहे.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर होतं, स्टुडिओ लागत नाही. जागा मात्र निवडावी लागते. बाइंड केलेल्या नियतकालिकांच्या रॅकमधल्या बोळात बसा, पंखा बंद करा. चारी बाजूंच्या कागदामुळे आवाज घुमत नाही. एका प्रकरणाची एक फाइल. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, प्रकरण, पान सांगायचं. पान उलटलं की नवा पान क्रमांक म्हणायचा, म्हणजे परीक्षेच्या तयारीत शोधता येतं. आकृती आणि तक्ते गाळायचे नाहीत, शब्दांत सांगायचे. यात मुलं सगळ्यात जास्त अडखळतात. मागणी-पुरवठ्याचा आलेख न दाखवता सांगायचा तर आधी तो समजावा लागतो, आणि वाचणाऱ्याचाच अर्थशास्त्राचा पेपर त्यातून सुधारतो.

पहिली फाइल ज्याच्यासाठी केली, त्या विद्यार्थ्याला ऐकवा आणि त्याच्याकडून सूचना घ्या. बरेच अंध विद्यार्थी दुप्पट वेगाने ऐकतात. नाटकी चढउतार त्यांना नको असतो, स्पष्ट उच्चार हवा असतो.

तारखा

१२ ऑगस्ट, म्हणजे डॉ. रंगनाथन यांची जयंती, वर्षाची सुरुवात करायला उत्तम. प्रवेश आटोपलेले असतात आणि मुलं ताजी असतात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, सत्र परीक्षेची गडबड असते, त्या दिवशी चालू वाचन गटाचीच एक बैठक मोकळ्या पटांगणात घ्या. जानेवारीचा पंधरवडा विकीला. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वर्षभरात झालेलं काम भिंतीवर लावा. २३ एप्रिलचा जागतिक ग्रंथ दिन आपल्या वेळापत्रकात बसत नाही, सोडून द्या.

सहल काढायची तर सोबत काम द्या. पाचगणीजवळच्या भिलारला, 'पुस्तकांच्या गावा'ला, जाऊन सेल्फी काढून परतणाऱ्या सहली खूप झाल्या. रत्नागिरीचं १८२८ चं नगर वाचनालय, कोल्हापूरचं १८५० चं करवीर नगर वाचन मंदिर, पणजीचं १८३२ चं मध्यवर्ती ग्रंथालय यांपैकी जे जवळ असेल तिथे जा, आणि तिथे आपल्या गावाबद्दल सगळ्यात जुना छापील उल्लेख कुठला सापडतो, ते शोधायला सांगा.

चित्रपट दाखवायचा असेल तर प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असावेत. तेवढ्यापुरती कायद्यात सूट आहे. गावाला आमंत्रण दिलं की परवानगी लागते.

मोजमाप

अहवालाला फोटो लागतात, ते द्या. पण स्वतःसाठी वेगळं मोजा. सहभागी मुलांचे सभासद क्रमांक लिहून ठेवा, आणि दोन महिन्यांनी देवघेवीत त्यांच्या नावावर काय आहे ते काढा. जूनच्या 'एकदाही न नेलेले' यादीतली किती नावं गळाली, हा मला तरी सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो. विकीवर टाकलेले परिच्छेद महिन्याभराने अजून आहेत का, किती पानं हिरवी झाली, किती प्रकरणं ध्वनिमुद्रित झाली आणि ती ऐकली गेली का, हेही लिहून ठेवा. अभिप्रायाचा छापील नमुना बंद करा. त्यावर सगळेच 'उत्कृष्ट' वर खूण करून जातात. मुलांना दोनच प्रश्न विचारा: कुठे कंटाळा आला, आणि पुढच्या वेळी काय वगळायचं?

मार्चमध्ये हस्तांतर

तृतीय वर्षाची मुलं एप्रिलमध्ये नो ड्यूज घेऊन जातात आणि त्यांच्यासोबत सगळी माहिती जाते. म्हणून परीक्षेआधीच नवी टीम निवडा आणि जुन्या टीमकडून एक फाइल करून घ्या. तिच्यात गोड अहवाल नको. कुणाला कधी फोन करावा लागतो, कुठल्या खोलीत नेट येत नाही, विकीची सदस्यनावं, ध्वनिमुद्रणाच्या फाइल कुठे ठेवल्यात, उरलेले पैसे, न आलेली बिलं, जिवंत पुस्तक म्हणून कोण पुन्हा यायला तयार आहे, हे सगळं त्यात हवं. फाइल काउंटरमागच्या कपाटात ठेवा आणि परिग्रहण नोंदवहीत, म्हणजे नव्या पुस्तकांची नोंद होते त्या वहीत, तिला दाखल क्रमांक द्या, म्हणजे ती कुणाच्या घरी जाणार नाही. जूनची पहिली बैठक द्वितीय वर्षातून तृतीय वर्षात गेलेल्या मुलांनी घ्यायची. त्या बैठकीत आपण बोलायचं नाही; एसटीचं नवं वेळापत्रक तेवढं पुढे करायचं.